पेशींचा दमसास : प्रस्तावना

चाकण एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा ईटीपी असतो आणि त्याला लागून छोटी प्रयोगशाळा. तिथल्या इन्क्युबेटरमध्ये ३०० मिलिलिटरच्या, घासलेल्या काचेचं बूच घट्ट बसवलेल्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात. तापमान २७ अंश, मुदत तीन दिवस. बाटली भरताना पाण्यात किती प्राणवायू विरघळलेला होता आणि तीन दिवसांनी किती उरला, एवढंच मोजायचं आणि मधल्या फरकावरून बीओडी, म्हणजे प्राणवायूची जैविक मागणी, काढायचा. नदीत सोडायच्या पाण्यात तो लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर जाऊन चालत नाही. केमिस्ट आकडा रजिस्टरला चढवतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ तो तपासतं आणि काम पुढे सरकतं. पण त्या तीन दिवसांत बाटलीत घडलेलं असतं ते श्वसन. कोट्यवधी जिवाणूंनी सांडपाण्यातलं अन्न खाल्लं, त्यातले इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि पायरीपायरीनं प्राणवायूच्या हवाली केले. त्या वाटेवर जी ऊर्जा सुटली तिच्यावर ते जगले, वाढले, दुप्पट झाले. हे वाचताना तुमच्या मेंदूतल्या पेशीही हेच करत आहेत, जवळपास त्याच यंत्रणेनं.

पेशी ऊर्जा कुठून मिळवतात, कशी धरून ठेवतात, एका रेणूकडून दुसऱ्याकडे कशी सोपवतात आणि कशावर खर्च करतात, याचा अभ्यास म्हणजे जैवऊर्जाशास्त्र. त्यावरचा हा लेखसंग्रह. लिहिणारे सगळे पिंपरी-चिंचवड, चाकण आणि पुण्याच्या पट्ट्यातले आहेत. कोणी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतं, कोणी ईटीपी सांभाळतं, कोणाची उमेदीची वर्षं फर्मेंटेशन प्लांटवर गेली, कोणी रोज मधुमेहाचे रुग्ण तपासतं. हा विषय मराठीत येतो तो बहुधा शालेय पुस्तकातल्या दोन पानांपुरता. तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र, एटीपी हे ऊर्जेचं चलन, एवढं पाठ केलं की धडा संपतो. त्यातलं काही खोटं नाही, पण त्यातून मुलांच्या मनात बसतं ते कोठाराचं चित्र: अन्न खाल्लं, ऊर्जा साठली, लागेल तशी काढली. या संग्रहाचा सगळा आटापिटा ते चित्र बदलण्यासाठी आहे. पेशी जगते ती ऊर्जा सतत वाहती ठेवून. ओघ थांबला की कोठार भरलेलं असूनही ती मरते.

एटीपीचंच घ्या. माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी हा रेणू पाव किलोहून जास्त नसतो. पण दिवसभरात तयार होऊन खर्ची पडणारा एटीपी मोजला तर तो आपल्या वजनाच्या जवळपास जातो. म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा जोडला जातो. त्यात ‘उच्च ऊर्जेचा बंध’ असतो असं आपण शिकलो. हा शब्दप्रयोग फ्रिट्झ लिपमान यांच्या १९४१च्या लेखानं रूढ केला, आणि विद्यार्थ्यांना वाटू लागलं की फॉस्फेटच्या त्या बंधात काही तरी ठासून भरलेलं आहे. तसं नाही. एटीपी मोडून एडीपी आणि फॉस्फेट होण्याची क्रिया मोकळी सोडली तर ती एका ठिकाणी समतोलाला येऊन थांबेल. जिवंत पेशी तिला त्या समतोलापासून सुमारे एक हजार कोटी पट दूर रोखून धरते. कामाला येतं ते हे अंतर. समतोलाला पोहोचलेल्या द्रावणात एटीपीचे रेणू असतीलही, पण त्यांच्याकडून स्नायूचा एक धागाही हलणार नाही. हे एकदा ध्यानात आलं की विषयाचा पुढचा सगळा इतिहास वेगळा दिसू लागतो.

तो इतिहास उष्णतेपासून सुरू होतो. १७८०च्या दशकात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं, किती बर्फ वितळला ते मोजलं आणि श्वसन हे संथ ज्वलन आहे असं सांगितलं. पुढचं शतकभर वाद राहिला तो जिवंतपणाचा: हे ज्वलन करायला अखंड पेशीच लागते का? १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट चिरडून, गाळून काढलेल्या रसानंही साखरेचं अल्कोहोल होतं हे दाखवलं आणि रसायनशास्त्रज्ञांना रान मोकळं झालं. आर्थर हार्डन यांना फॉस्फेट सापडलं. एम्बडेन, मेयरहोफ यांनी ग्लुकोज फुटण्याच्या पायऱ्या जुळवल्या. १९३७ मध्ये हान्स क्रेब्स यांनी आज त्यांच्याच नावानं ओळखलं जाणारं चक्र मांडलं.

या टप्प्यातल्या एका भारतीयाचं नाव आपल्या पुस्तकांतून राहून जातं. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करत होते. दोघांनी १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची रंगावर आधारलेली पद्धत दिली, तिच्या जोरावर १९२७ मध्ये स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन ओळखलं आणि १९२९ मध्ये, जर्मनीत लोमान यांनी शोधला त्याच सुमारास, एटीपीही वेगळा काढला. स्नायू लॅक्टिक आम्लावर चालतो या समजावर १९२२चं नोबेल दिलं गेलं होतं. फॉस्फोक्रिएटिननं त्या समजाच्या पायाखालची वाळू सरकवली. निळा रंग किती गडद आला एवढं अचूक मोजता आल्यानं हे झालं. मोजमापाच्या साध्या पद्धतीनं सिद्धान्त कसा उलटतो याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दुसरी शाखा प्राणवायूकडून निघाली. बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग, केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन. केलिन यांनी १९२५ मध्ये वर्णपटदर्शकातून यीस्ट आणि कीटकांच्या स्नायूंकडे पाहिलं. पेशीला हवा मिळाली की काही काळ्या रेघा पुसट होतात, हवा तोडली की परत उमटतात. इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणारी ही लोहयुक्त प्रथिनं म्हणजे सायटोक्रोम. वनस्पतींच्या बाबतीत ही कहाणी पुढे नेणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या: कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीला १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, बाई आहे म्हणून, सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्यांनी तिथेच सत्याग्रहाचा पवित्रा घेतला आणि अपमानकारक अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला गेल्यावर त्यांनी बटाट्यावर काम केलं. बटाट्यात हरितद्रव्याचा अडथळा नाही. वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी आहे, प्राण्यांसारखीच श्वसनाची साखळी तिथेही आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. रॉबर्ट हिल यांच्यासह फुलझाडांमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. पीएचडीचा प्रबंध चाळीसेक पानांचा होता असं सांगतात. त्या परत आल्या, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या आणि नीरा, कडधान्यं अशा गरिबांच्या आहारातल्या पदार्थांवर काम करत राहिल्या. त्यांच्या केंब्रिजच्या कामाला महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांत एक ओळही मिळू नये याचं मला वाईट वाटतं. म्हणून या संग्रहात त्यांच्यावर स्वतंत्र लेख आहे.

आणि तो वाचताना चाकणकरांनी आपल्या बाजाराकडे पाहावं. चाकणची ओळख गाड्यांच्या आधी कांदा-बटाट्याची. बाजार समितीत गोणीत भरलेला बटाटा जिवंत असतो, श्वास घेत असतो, आणि त्यापायी रोज थोडा थोडा घटत असतो. शीतगृहात ठेवतात ते हा श्वास मंदावण्यासाठी. पण दोन-चार अंशांवर ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाच्या साखळ्या तुटून साखर जमते, तो गोडसर लागतो, आणि वेफर तळले की काळपट पडतात. म्हणून वेफरवाल्यांचा माल त्याहून उबदार ठेवावा लागतो. उलट हवा कोंडली तर बटाटा बाहेरून धडधाकट दिसतो आणि कापला की मधोमध काळा. आतल्या पेशींना प्राणवायू पोहोचला नाही. भोवताली पिष्टाचा साठा भरलेला होता, तरी त्या मेल्या.

आता मुख्य प्रश्नाकडे. साखळीतून इलेक्ट्रॉन प्राणवायूपर्यंत जातात आणि कुठे तरी एटीपी तयार होतो. या दोन गोष्टींचा सांधा काय? १९५३ मध्ये स्लेटर यांनी मांडलं की मध्ये एखादं ऊर्जाधारी संयुग असणार. पुढची पंधरा-वीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा ते संयुग शोधत राहिल्या. सापडलं नाही. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितलं की ते नाहीच. इलेक्ट्रॉन उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर प्रोटॉन पटलाच्या (मेम्ब्रेनच्या) एका बाजूकडून दुसरीकडे ढकलले जातात. तिकडे त्यांची गर्दी होते, विद्युतभारही साठतो, आणि परत येण्याच्या ओढीतून एटीपी घडतो. लोणावळा-वळवणच्या तलावांतलं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरतं आणि त्यावर १९१५ पासून टाटांची वीज होते, तसंच काहीसं. फरक एवढा की पेशीतलं पाणी वर चढवणारा पाऊस म्हणजे आपण खाल्लेली भाकरी, आणि तलाव क्षणभरही न भरता राहिला तर खालचं जनित्र थांबतं.

मिचेल यांच्यावर टीका कडवट झाली. प्रकृतीच्या कारणानं विद्यापीठ सोडून ते कॉर्नवॉलमधल्या ग्लिन हाउस या जुन्या घरात जेनिफर मॉइल यांच्याबरोबर लहानशी खासगी प्रयोगशाळा चालवू लागले. १९६६ मध्ये अमेरिकेत आंद्रे यागेन्डॉर्फ यांनी पालकाची हरितलवकं अंधारात आधी आम्लात भिजवली, मग एकदम अल्कलीत टाकली. प्रकाश नाही, अन्न नाही, तरी एटीपी तयार झाला. फक्त प्रोटॉनचा उतार पुरला. १९७८चं नोबेल मिचेल यांना मिळालं. ज्या पटलावर हे घडतं त्याची जाडी मीटरच्या अब्जाव्या भागाच्या पाचेक पट, आणि त्याच्या दोन बाजूंत सुमारे दीडशे मिलिव्होल्टचा फरक. वाचायला क्षुल्लक वाटतं. पण मीटरमागे हिशेब केला तर तीन कोटी व्होल्ट होतात. कारखान्यात बॅटरीचे सेल जोडणाऱ्या वाचकानं हा आकडा दोनदा वाचावा.

यानंतरची पिढी रचनेची. पॉल बॉयर यांनी एटीपी घडवणारं विकर फिरतं असावं असा अंदाज केला. जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये गाईच्या हृदयातल्या या विकराची रचना स्फटिकातून उलगडली. १९९७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी जपानमध्ये नोजी आणि सहकाऱ्यांनी विकराच्या आसाला एक चमकणारा धागा चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना प्रत्यक्ष दाखवला. आपल्या पेशीत हे चक्र आठ प्रोटॉनला एक फेरा घेतं आणि फेऱ्याला तीन एटीपी देतं. ज्यांचा दिवस मोटर आणि गिअरबॉक्समध्ये जातो त्यांना हा भाग आम्हा शिक्षकांपेक्षा लवकर कळतो, हा अनुभव मी सभांमधून घेतला आहे.

हे सगळं दूरदेशीचं वाटू नये. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साहाय्यानं. १९५५ पासून पेनिसिलीन निघू लागलं. इथले लोक तिला आजही एच.ए. म्हणतात. पेनिसिलीन बनवणारी बुरशी भल्यामोठ्या टाक्यांत वाढवतात आणि तिच्या श्वासाची काळजी घेण्यात प्लांटची निम्मी ताकद जाते: निर्जंतुक हवा सतत फुंकायची, ढवळणं चालू ठेवायचं, आणि बुरशीच्या श्वसनातून निघणारी उष्णता थंड पाण्यानं काढून न्यायची. हवा कमी पडली की उत्पादन घसरतं. अन्न किती द्यायचं हीदेखील कसोटी. भरपूर ग्लुकोज दिलं तर बुरशी नुसती माजते आणि पेनिसिलीन करत नाही. म्हणून पूर्वी तिला सावकाश पचणारी दुधातली साखर देत. नंतर ग्लुकोजच पण बेताबेतानं सोडू लागले. पेनिसिलीनची पहिली पायरी तीन अमिनो आम्लं जोडण्याची, आणि तिथेही एटीपी खर्ची पडतो. टाकीपाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या हाती असतो तो हा ओघ, कधी वाढवायचा आणि कधी आवरायचा तो.

याच कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. नाव कंपनीच्या आद्याक्षरांवरून आलं, आणि ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हॅमायसिन बुरशीच्या पटलाला चिकटतं आणि त्याला गळती लागते. आतले आयन बाहेर झिरपतात, राखलेला फरक मोडतो, आणि बुरशी मरते. तिच्या पोटात अन्न असतंच. एका स्थानिक औषधानं मिचेलच्या विचाराची दिलेली ही साक्ष आमच्या वर्गात कधीच सांगितली गेली नाही, म्हणून इथे ती विस्तारानं आली आहे.

हा विषय आज का वाचावा याची कारणं याच पट्ट्यात पावलोपावली आहेत. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल घ्या. हवा नसताना यीस्टला ग्लुकोजच्या एका रेणूतून दोनच एटीपी मिळतात. हवा असती तर तीसच्या आसपास मिळाले असते. यीस्टला काढता न आलेली ती ऊर्जा अल्कोहोलमध्ये तशीच राहते आणि चाकणला बनलेल्या इंजिनात जळते. ती साखर उसानं मुळात इतकी जास्त का साठवली, याचं उत्तर उसाच्या प्रकाशसंश्लेषणात आहे. १९६०च्या दशकात हवाई आणि ऑस्ट्रेलियात उसावरच काम करताना ही वेगळी वाट उजेडात आली. पवना नदीत मासे मेल्याची बातमी येते तेव्हा बहुतेकदा विष हे एकच कारण शोधलं जातं. सेंद्रिय मैला वाढला की जिवाणूच पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि माशांच्या श्वसनसाखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी उरत नाही, हेही तपासायला हवं.

आजारांचं तर विचारूच नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्तवाले आपले याज्ञिक. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार हा भारतीय देह जन्मापासूनच तसा घडत येतो, हे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासानं दाखवलं. रात्रपाळीत बारा वाजता वडापाव खाऊन लाइनवर उभं राहणाऱ्या तिशीतल्या कामगाराला मधुमेह निघतो तेव्हा ‘कष्टाचं अंग आहे, मला कसा झाला?’ हा त्याचा प्रश्न रास्त असतो. त्याचं उत्तर किती खाल्लं यापुरतं नाही. इंधन स्नायूत वापरलं जातं की यकृताभोवती अडकून पडतं, कोणत्या वेळी येतं, पेशी त्याला दाद देतात की नाही, हे सगळं त्यात आहे. आमच्यातल्या डॉक्टरांनी मधुमेहावरच्या लेखावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे.

क्षयाचंही तसंच. बेडाक्विलिन हे औषध क्षयाच्या जंतूचं तेच फिरतं विकर, एटीपीचं चक्र, अडवून धरतं. माणसाच्या चक्राला ते सहसा हात लावत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी फार मोलाचं ठरलं. त्याच्या पेटंटची मुदत लांबवण्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात होता. क्षयातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. एका रेणूच्या आसावर लढला गेलेला हा खटला आहे, आणि औषधाची किंमत त्यावर अवलंबून होती.

संग्रहाची मांडणी नेहमीची नाही. पाठ्यपुस्तकं ग्लुकोजपासून सुरू होतात, आम्ही पटलापासून सुरुवात केली. पटल कळलं की साखळी कळते, साखळी कळली की क्रेब्स चक्राची गरज कळते. मग त्यातली नावं पाठ नसली तरी बिघडत नाही. परीक्षेत सगळ्या पायऱ्या ओळीनं लिहून घेण्याची पद्धत मला मुलांच्या बुद्धीचा अपव्यय वाटते आणि या पुस्तकात तिला जागा नाही. प्रकाशसंश्लेषणाला दोनच लेख मिळाले, ते कमी आहेत. तो विषय वेगळ्या पुस्तकाचा आहे. जीवसृष्टीचा उगम समुद्रतळाच्या अल्कधर्मी झऱ्यांत, नैसर्गिक प्रोटॉन-उतारावर झाला असावा, या आकर्षक कल्पनेवर एक लेख आहे. ती अजून कल्पनाच आहे आणि लेखात तसं बजावलेलं आहे. कर्करोगाच्या पेशी हवा असतानाही साखर अर्धवटच का फोडतात, हा वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात पाहिलेला प्रकार आजही पुरता सुटलेला नाही. पेट स्कॅन मात्र त्याच्याच आधारानं गाठी दाखवतो. मेडिकलच्या काउंटरवर ‘सेल एनर्जी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल एक छोटं, स्पष्ट टिपण आहे.

दहावीचं विज्ञान आठवत असेल तर पुस्तक कळायला अडचण येऊ नये. गणित दोन लेखांतच आहे आणि ते चौकटीत वेगळं ठेवलं आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी पटलावरचा पहिला लेख आणि मधुमेहावरचा लेख आधी वाचावा. शेवटी शिक्षकांसाठी शाळेत जमण्यासारखे प्रयोग दिले आहेत: यीस्टच्या द्रावणात साखर कमीजास्त करून निघणारा वायू मोजणं, बटाट्याच्या गोणीचं वजन आठवड्याआठवड्यानं टिपणं, मोड आलेल्या मटकीची उष्णता थर्मास आणि तापमापीनं नोंदणं. सामान बहुतेक किराणा दुकानातलं आहे, आणि प्रत्येक प्रयोग एका तासिकेत मांडून नोंदी पुढे चालू ठेवता येतात.